हक्काचा उडता माणूस

माझ्या सामानातल्या ट्रान्झिस्टरकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ह्याची पावती हाय?"

बँकेच्या नोकरीसाठी मी साताऱ्याहून रत्नागिरीत आले, तो माझा पहिला दिवस. मांडवीच्या बाजूला चिऱ्याच्या एका लहानशा घराची माडी भाड्यानं मिळाली होती. रिक्षातून सामान उतरत होतं आणि घरमालक कमरेवर हात ठेवून एकेक नग न्याहाळत होते. ट्रान्झिस्टर निघताना वडिलांनी हातात ठेवलेला. मी म्हटलं, "पावती कुठली असणार? बाबांनी दिलाय."

त्यांनी डोळे मिटून जरा विचार केला. "दिलाय ना? मग हरकत नाय. दिलेल्या वस्तूला पावती लागत नाय." आणि ट्रान्झिस्टर स्वतः उचलून, जिना चढून वर नेऊन ठेवला.

मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे. आणि तो होताच, त्यात माझं काही चुकलं नव्हतं. त्या चक्रमपणाखाली काय आहे ते कळायला मात्र मला त्या माडीवर काही वर्षं काढावी लागली.

घरमालकांना मी काका म्हणू लागले. काका कस्टममध्ये शिपाई म्हणून लागले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. उमेदीचा सगळा काळ गस्तीच्या लाँचवर गेला. एके काळी ह्या किनाऱ्यावर अंधारात घड्याळं उतरायची, कापड उतरायचं, टेपरेकॉर्डर उतरायचे, आणि ते पकडायला हे समुद्रावर. अशा मालावर पहारा करून करून त्यांना चोरीच्या वस्तूचा वासच यायचा म्हणे. त्यांच्या घरात सुईदेखील पावतीशिवाय आली नाही. टीव्हीची पावती तर फ्रेम करून देवांशेजारी टांगलेली होती. गणपती, लक्ष्मी आणि टीव्हीची पावती. गाव त्यांना तोंडावर कस्टमकाका म्हणायचं आणि पाठ वळली की पावतीकाका. त्यांना दोन्ही नावं ठाऊक होती आणि दुसरं जास्त आवडायचं.

सकाळी उठल्यावर ते खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, टोकाला जाऊन, कपाळावर हात धरून समुद्राकडे पाहत उभे राहायचे. खाकी हाफपँट, तिला धारदार इस्त्री. "काय दिसतं हो काका?" असं विचारलं तर म्हणायचे, "काय नाय. काय दिसत नाय ना, ते बघतोय." हे उत्तर मला तेव्हा थट्टेचं वाटायचं. नंतर नंतर मीही चहाचा कप घेऊन त्यांच्या मागे उभी राहू लागले. समुद्र आणि आकाश एकमेकांत मिसळलेले असायचे, मधली रेघच नसायची, आणि खरंच, काही न दिसण्याकडे बराच वेळ बघत बसता येतं.

शेजारी बशीरभाई. वर्षातले काही महिने दुबईत आणि आंब्याच्या दिवसांत घरी. त्यांचा एक हापूस आमच्या बाजूला झुकलेला होता. मधे दगडी गडगा, पण आंब्याला गडगा काय कळणार? पिकला की आमच्या खळ्यात पडायचा. काका पडलेले आंबे वेचायचे, टोपलीत भरायचे आणि गडग्यावर नेऊन ठेवायचे. "बशीर, तुझा माल माझ्या हद्दीत आलेला." मग बशीरभाई बाहेर यायचे, टोपलीवर हात ठेवायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "काका, दिलं!" तेवढा शब्द ऐकला की काका टोपली उचलून परत घरात. दरवर्षी, दर टोपलीला हाच प्रकार. एकदा मी बशीरभाईंना म्हटलं, "एकदाच काय ते सांगून टाका ना, की पडलेले सगळे तुमचेच." ते हसले. "ताई, मग ह्यो माणूस दिवसभर माझ्याशी बोलंल कशाला?"

आणि काकू.

मी आले त्याच्या आदल्या वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, पाय जेमतेम ओढता यायचा, आणि वाचा गेली. कळायचं सगळं. मी कामावरून आले की डोळ्यांनी विचारायच्या, आज उशीर? पडवीत वेताच्या खुर्चीवर बसून त्या आकाशाकडे पाहत असायच्या. नुसतं पाहणं नव्हे ते, कुणीतरी येणार असल्यासारखं. डॉक्टर म्हणाले होते, वाचा परत येऊ शकते. त्यांच्याशी बोलत राहा, त्यांच्या आवडीचं काही ऐकवा, दाखवा. पण जितका उशीर होईल तितकं अवघड.

'आवडीचं' हा शब्द काकांनी घट्ट धरला. काकूंच्या आवडीची एकच गोष्ट त्यांना ठाऊक होती. पूर्वी दर रविवारी टीव्हीवर एक जुनी मालिका लागायची. दिवसा घड्याळं दुरुस्त करणारा आणि काळा झगा चढवला की उडणारा माणूस. काकांची रविवारी हटकून समुद्रावर ड्यूटी, त्यामुळे त्यांनी तिचा एकही भाग पाहिला नव्हता. काकू बघायच्या आणि रात्री जेवताना त्यांना सांगायच्या.

"ती सांगायला लागली की माझा भात पानात गार," काका म्हणायचे. "मी हात न धुता बसून. लाँचवर पुढचा आठवडा मी त्याच इचारात. वर बघितलं की वाटायचं, आता जाईल इकडून तो."

"म्हणजे गोष्ट काय होती हो?" मी विचारलं.

काकांनी मान हलवली. "मी डोळ्यांनी बघितलं नाय. माझ्याकडे हाय ते ऐकीव. ऐकीव पुराव्यात धरत नायत."

"अहो, मला कुठे कोर्टात जायचंय? काकूंनी सांगितलेलंच सांगा."

"मग तिची परवानगी हवी," असं म्हणून त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू आकाशाकडे पाहत होत्या. परवानगी द्यायला बोलता यायला हवं. तो विषय तिथेच थांबला.

तर ती मालिका काकूंना दाखवायची. नुसती मिळवून नव्हे, हक्कानं. बाकी गावात काहीही मिळत होतं. केबलवाला म्हणाला, "काका, कॅसेट आणतो कुठूनतरी, दुपारी लावून टाकू." काकांनी विचारलं, दाखवायचा परवाना आहे का? केबलवाल्यानं पुन्हा त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. टीव्ही केंद्राला पत्र गेलं, सदर मालिका पुन्हा दाखवावी. उत्तर आलं, अगदी नम्र, की तूर्त तसा विचार नाही. बाजारात सीडी भाड्यानं देणारी दुकानं निघाली, तेव्हा काका प्रत्येक दुकानात जाऊन डबी उन्हात धरायचे, चकाकणारा शिक्का खरा की खोटा बघायला. दुकानदार त्यांना लांबूनच येताना बघून सांगायचे, "नाय आलं हो काका!" मग गावात इंटरनेटचं पहिलं दुकान उघडलं. तिथल्या मुलानं मला सांगितलं, ही मालिका उतरवून घेता येईल, तीन-चार दिवस कॉम्प्युटर चालू ठेवावा लागेल. मी आनंदानं धावत घरी. काका म्हणाले, "कुणाकडून उतरवणार? ज्याची हाय त्याला इचारलंय काय?"

हल्ली ती मालिका फोनवर दिसते. महिन्याचे पैसे भरावे लागतात आणि पावती ईमेलनं येते. पहिल्यांदा ती पावती आली तेव्हा ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसल्या बसल्या माझे डोळे भरून आले होते. रिक्षावाल्याला वाटलं, घरी काहीतरी वाईट झालं.

असो. इंटरनेटचं दुकान उघडलं त्या वर्षी बशीरभाई दुबईहून आले ते सीडीचा प्लेअर घेऊन, काकांसाठी भेट. कस्टम भरल्याची पावती वर चिकटवलेली. काका पावतीवरून हात फिरवत राहिले, प्लेअर नंतर पाहिला. पण बशीरभाईंच्या दुसऱ्या हातात एक पिशवी होती. त्यांनी मुंबईत कुणाकडून तरी सगळी मालिका कॉपी करून आणली होती. साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटात पेनानं आकडे घातलेल्या सीड्या.

"ह्याची पावती?" काकांनी विचारलं.

"काका, काकूंसाठी आणलंय. पावती कसली?" मग बशीरभाईंना युक्ती सुचली. त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "दिलं!"

मला वाटलं, जिंकले बशीरभाई. काका मात्र हळूच म्हणाले, "बशीर, जे आपलं नाय ते देता येत नाय. आंबा तुझा होता."

आणि मग त्यांनी जे केलं ते आजही कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. त्यांनी पंचनामा केला. कोरा कागद घेऊन, जागा-वेळ-साक्षीदार सगळं घालून. पंच म्हणून माझी सही. दुसरा पंच हवा, आणि आसपास कुणीच नाही, म्हणून बशीरभाईंचीच सही. "अहो, आरोपीच पंच कसा?" मी विचारलं, तर म्हणाले, "तात्पुरता." सीड्या जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळल्या, सुतळी बांधली, लाख वितळवून गाठीवर शिक्का मारला आणि मुद्देमाल कपाटावर ठेवला. मग पंच आणि आरोपी, सगळ्यांना चहा.

बशीरभाईंनी चहाला हात लावला नाही. "काका, बाई मुकी झालीय, आन् तुम्ही शिक्के मारताय!" ते उठून गेले. आंब्याचे दिवस असून कितीतरी दिवस टोपली गडग्यावरच राहिली. आंबे तिथेच सुकले, मुंग्या लागल्या, पण काकांनी हात लावला नाही, कारण 'दिलं' म्हणणारं कुणी बाहेर आलं नाही.

मीही भांडले. अगदी तावातावानं. म्हटलं, तुमचं तत्त्व मोठं की काकूंचा आवाज? डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?

काका पायरीवर बसले. समुद्राकडे बघत बोलू लागले. "एकदा एका होडीवाल्यानं हिला साडी आणून दिली. फॉरेनची. मी संध्याकाळी घरात येतो तर ही नेसून उभी. इतकी छान दिसत होती गो. मला वास आला मालाचा. मी म्हटलं, उतरव. उतरवली तिनं. मी ऑफिसात जमा केली. ती काय बोलली नाय. माझ्याबरोबर आयुष्य काढलं तिनं आणि एक नवलाची वस्तू कधी घरात आली नाय." मग माझ्याकडे वळले. "आता चोरीच्या मालानं तिला बोलती करू? त्या साडीचं मग काय उत्तर देऊ? आणि बाय, ती बोललीच ना, तर पहिला शब्द हाच असेल बघ. पावती कुठाय?"

माझा राग गेला नाही. पण पुढे मी भांडले नाही.

पुढच्या वर्षी बशीरभाई दुबईहून परत आले, ते थेट आमच्या पडवीत. बूट काढायच्या आधी त्यांनी खिशातून एक कागद काढून काकांच्या हातात ठेवला. पावती. मुंबईच्या दुकानाची, छापील, शिक्का असलेली. मग पिशवीतून डब्या काढल्या. मालिकेचा अस्सल संच निघाला होता, आणि त्यांनी तो शोधून आणला होता. काकांनी एकेक डबी उन्हात धरली. शिक्का चकाकला. काका बशीरभाईंच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

त्या घरात दुपारी माडी नसलेल्या पुढच्या भागाच्या छपरातल्या काचेच्या कौलातून उन्हाचा एक कवडसा आत उतरायचा आणि जमिनीवरून सरकत सरकत टीव्हीवर यायचा. तो पडद्यावर असेपर्यंत काही दिसायचं नाही. म्हणून आम्ही सगळे वाट पाहत बसलो. काकूंची खुर्ची मधे, काका लग्नाला निघाल्यासारखे इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी, बशीरभाई उंबऱ्यावर, मी जिन्याच्या पायरीवर. खोलीत माडांच्या झावळ्यांची हिरवट सावली हलत होती. कवडसा पडद्यावरून उतरला, भिंतीवर गेला, आणि काकांनी बटण दाबलं.

काळंपांढरं शहर. गच्चीवर उभा एक माणूस, वाऱ्यानं झगा फडफडतोय. काकूंनी श्वास आत घेतला तो मला ऐकू आला.

मग तो माणूस बोलू लागला, आणि काका गोंधळले. "हा काय बोलतोय?"

"इंग्रजी आहे, काका."

"इंग्रजी?" त्यांनी काकूंकडे पाहिलं. "ही सातवी शिकलेली. मराठी सातवी."

आम्ही तिघांनीही काकूंकडे पाहिलं. त्या पडद्यात बुडून गेल्या होत्या. दर रविवारी त्यांनी एक अक्षरही न समजता मालिका पाहिली होती आणि नुसत्या चित्रांवरून नवऱ्याला गोष्ट सांगितली होती. ती चित्रं बोलती करायची आणि हा समुद्रावर आठवडाभर त्या गोष्टीत राहायचा.

काका म्हणाले, "तू सांग काय बोलतायत ते." मी सांगू लागले. हे दरोडेखोर आहेत, त्यांनी बँक लुटली, तो त्यांचा पाठलाग करतोय.

"दरोडेखोर कुठले?" काका म्हणाले. "तो घर शोधतोय. म्हणून खिडक्यांतून बघतो."

"नाही काका, चोर लपलेत तिथे."

"बरं."

असं बरेच दिवस चाललं. रोज कवडसा उतरला की एक भाग; मी जेवणाच्या सुट्टीत बँकेतून घरी यायची. रोज मी भाषांतर करायची आणि रोज काकांचा चेहरा थोडा थोडा पडत जायचा. काकूंच्या तोंडून हूं की चूं नाही. त्या फक्त माझ्याकडे अधूनमधून बघायच्या आणि त्यांच्या कपाळावर आठी यायची. काका पुन्हा पुन्हा एकच विचारायचे, "ह्याची बायको कधी येते?" मी म्हणायची, येईल पुढे. पण संच संपत आला, आणि शेवटच्या डबीतल्या एका दुपारी मला सांगावं लागलं.

"काका, ह्याला बायकोच नाहीये. ह्या मालिकेत बायको नाही."

"हाय."

आवाज खरखरीत होता, बरेच दिवस बंद असलेलं दार ढकलावं तसा. कुणी बोललं ते कळायला आम्हांला वेळ लागला. काकूंनी डावा हात खुर्चीवर आपटला. त्यांचे डोळे माझ्यावर रोखलेले होते, आणि तोंड वाकडं झालं होतं, रागानं की कष्टानं कोण जाणे. "हाय. बायको... हाय."

काका गुडघ्यांवर बसले. "हाय गो. हाय. पण कुठाय? दिसत का नाय ती?"

काकूंनी खूप प्रयत्न केला. डाव्या हातानं आतल्या खोलीकडे, चुलीकडे बोट दाखवलं.

"आत," त्या म्हणाल्या. "घरात."

ती दिसत नाही, कारण ती घरात आहे. भात झाकून त्याची वाट बघत बसलीय. काका त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, हुंदके देऊन, आम्ही आहोत ह्याची पर्वा न करता. बशीरभाई उठून खळ्यात गेले आणि गडग्याकडे तोंड करून उभे राहिले. पडद्यावर तो माणूस इंग्रजीत काहीतरी बडबडत उडत होता. टीव्ही बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी डब्यांकडे बोट दाखवून विचारलं, "पाव...ती?" काका धावत जाऊन ती घेऊन आले. आधीच फ्रेम करून ठेवली होती.

त्यानंतर मालिका पुन्हा पहिल्यापासून लागली, आवाज बंद करून. काकू सांगायच्या. एक शब्द, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. कधी एका भागाला तीन दुपारी लागायच्या. काका त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे, पडद्याकडे कमीच. मला म्हणाले, "तुझं इंग्रजी चांगलं हाय हो, बाय. पण ह्यात ते लागत नाय." म्हणून दुपारी मी पुन्हा बँकेतच राहू लागले. मुद्देमालाचं गाठोडं तसंच कपाटावर राहिलं. बशीरभाई कधी डिवचायचे, "काका, तात्पुरत्या पंचाला सोडा आता." आणि आंबे पुन्हा गडग्यावरून येऊ-जाऊ लागले.

माझी बदली झाली. निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी होती आणि काका ट्रान्झिस्टर स्वतः उचलून खाली आणत होते. मी धीर करून म्हटलं, "काका, त्या गोष्टीचा शेवट मला सांगा ना. आता तरी."

"मी कोण सांगणार? तिची गोष्ट."

काकू पडवीत खुर्चीवर होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं, डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि गडग्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "दिलं!"

काकांनी ट्रान्झिस्टर खाली ठेवला. मग सांगितलं.

शेवटी तो उडता माणूस थकतो. जगभर फिरलेला असतो, राजेमहाराजांनी त्याला हिरेमाणकं देऊ केलेली असतात, आणि त्यानं एकही वस्तू घेतलेली नसते. रात्री घर सापडतं. दार वाजवतो. बायको दार उघडते आणि तो मान खाली घालतो, म्हणतो, तुझ्यासाठी काही आणलं नाही गं. ती त्याचे दोन्ही हात बघते, उलटेसुलटे करून. रिकामे. मग म्हणते, आत ये, भात गार होतोय.